न विचारतां बोलणारीं उपकरणें



आज ज्या विषयावर मी आपल्याशीं बोलणार आहें, त्याचें नांव ऐकतांच कित्येकांचा हात रेडिओच्या बटणाकडे जाईल. नांव आहे 'डीएनएस'. परंतु क्षणभर थांबावें अशी माझी विनंति आहे. कारण या तीन इंग्रजी अक्षरांमागें जो व्यवहार चालतो तो आपल्या बैठकीच्या खोलींत, माजघरांत, मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर रात्रंदिवस चालू असतो, आणि घरच्या कर्त्या माणसाला त्याची गंधवार्ताहि नसते. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. उभी हयात सोलापुरांत मुलांना अंकगणित आणि शुद्धलेखन शिकविण्यांत गेली. तेव्हां यंत्रशास्त्राच्या खोल पाण्यांत मी शिरणार नाहीं. पाटीवर मांडून दाखवितां येईल एवढेंच सांगणार आहें.

ज्यांची पन्नाशी उलटली आहे त्यांना ट्रंककॉल आठवत असेल. पुण्याच्या आप्तांशीं बोलावयाचें तर आधीं एक्स्चेंजकडे नंबर नोंदवावयाचा, आणि मग घंटेची वाट पाहत बसावयाचें. संभाषण काय झालें हें एक्स्चेंजमधील माणसानें कान लावून ऐकलें नाहीं असें आपण धरून चालूं. तरीहि कोणीं, कोणाला, किती वाजतां आणि किती वेळां बोलाविलें हें त्याला कळल्यावांचून राहत नसे. एखाद्या घरांतून आठवड्यांत तीनदां इस्पितळाला, दोनदां वकिलाला आणि एकदां सोनाराला फोन गेला, तर त्या घरांत काय चाललें आहे हें ताडण्यासाठीं एक शब्दहि ऐकण्याची गरज नाहीं. अमेरिकेंत आल्मन स्ट्राउजर नांवाचा एक गृहस्थ प्रेतसंस्काराचा व्यवसाय करीत असे. एक्स्चेंजवरील बाई आपलीं गिऱ्हाइकें प्रतिस्पर्ध्याकडे वळविते असा त्याला संशय आला, आणि त्या रागांतून त्यानें माणसावांचून चालणारें एक्स्चेंजच शोधून काढलें, अशी कथा सांगतात. कथेचा तपशील कसाहि असो. त्याचें पेटंट १८९१ सालचें आहे.

इंटरनेटच्या जगांतहि असेंच एक एक्स्चेंज आहे. तेथें प्रत्येक यंत्राला ओळखण्याची खूण म्हणजे अंक. माणसाला अंक पाठ होत नाहींत, म्हणून आपण नांवें वापरतों. नांव दिलें कीं अंक सांगणारी जी व्यवस्था, तीच डीएनएस. पूर्वीं ही सारी यादी कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत एकाच ठिकाणीं ठेवीत, आणि एलिझाबेथ फाइनलर या विदुषी आपल्या सहकाऱ्यांसह ती सांभाळीत. यंत्रें वाढलीं, यादी आवरेना. तेव्हां १९८३ सालीं पॉल मॉकापेट्रिस यांनीं ती जगभर वांटून देण्याची योजना मांडली. तीच आजवर चालत आली आहे. २०१४ च्या ऑगस्ट महिन्यांत 'भारत' हें देवनागरी अंत्यनामहि तींत नोंदणीसाठीं खुलें झालें, आणि मराठींत नांवें घेण्याची सोय झाली. तिचा उपयोग आपण फारसा केला नाहीं, हा भाग वेगळा.

आतां या व्यवस्थेंतील एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. आपण एखादें पान उघडतों तेव्हां पानावरील मजकूर हल्लीं बहुधा कुलुपबंद होऊन येतो. पण पान उघडण्यापूर्वीं 'अमक्याचा अंक काय?' हा जो प्रश्न जातो, तो जुन्या रीतीप्रमाणें उघडा जातो. आपल्याकडे १८७९ सालीं पाव आण्याचें पोस्टकार्ड निघालें; तें टपालवाल्यापासून शेजारच्या काकूंपर्यंत सर्वांस वाचतां येत असे, आणि लिहिणाराहि तें जाणून लिहीत असे. डीएनएसचा प्रश्न हें असें पोस्टकार्ड आहे. फरक इतकाच, कीं लिहिणाराला आपण कार्ड लिहितों आहों हेंच ठाऊक नसतें. आपण ज्या कंपनीचें इंटरनेट घेतलें असेल तिच्या हातांतून हीं सारीं कार्डें जातात.

येथवरची गोष्ट आपण स्वतः विचारलेल्या प्रश्नांची झाली. माझा आजचा खरा विषय यापुढें आहे. आमच्या सोलापुरांत एका चाळींत मराठी, कानडी, तेलुगु आणि उर्दू अशा चार भाषा कानीं पडतात. घरांतील उपकरणांनीं आतां पांचवी सुरू केली आहे. ती आपल्या कानांना ऐकूं येत नाहीं.

आमच्या घरीं तीन मोबाइल, एक टीव्ही आणि नातवाचा एक संगणक आहे. मध्यंतरीं घरांतील सर्वांना आधीं सांगून आणि त्यांची संमति घेऊन आठ दिवसांपुरती या प्रश्नांची नोंद ठेवण्याची व्यवस्था केली. मीं ती वही तपासावी तशी ओळ न् ओळ तपासली. टीव्हीवर कोणी कांहीं पाहत नव्हतें, घर झोपलें होतें, अशा अपरात्रींहि टीव्ही आपल्या जन्मदात्या कंपनीच्या नांवांचे पत्ते विचारीत होता. कंपनीचें नांव मी सांगत नाहीं. सांगण्यांत अर्थहि नाहीं, कारण थोड्याफार फरकानें सर्वत्र हाच प्रकार आहे. यांतील कांहीं प्रश्न सरळ असतात. घड्याळ लावून घेणें, नवी सुधारणा आली आहे काय हें पाहणें. परंतु जाहिरात आणि मोजमाप हेंच ज्यांचें काम आहे अशीं नांवेंहि त्यांत पुष्कळ होतीं.

हा एका घरचा अनुभव म्हणून सोडून द्यावा, तर विद्वानांनीं केलेलीं मोजमापें उपलब्ध आहेत. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजांतील प्राध्यापक डग्लस लीथ यांनीं मार्च २०२१ मध्यें दाखविलें कीं, हातांत न घेतलेला फोनसुद्धां, मग तो ॲपलचा असो वा गुगलच्या अँड्रॉइडचा, सरासरी साडेचार मिनिटांनीं आपल्या धन्याला कांहीं तरी कळवीत असतो. गुगलनें त्यांच्या पद्धतीवर आक्षेप घेतला, हेंहि सांगितलें पाहिजे. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत त्यांनीं एडिंबरोच्या सहकाऱ्यांसह सॅमसंग, शाओमी, हुआवे आणि रिअलमी यांचे फोन तपासले. फोन युरोपांत विकले जाणारे होते, पण नांवें आपल्या नवी पेठेंतील दुकानांच्या पाट्यांवरचींच. शक्य तेवढ्या सोयी बंद ठेवूनहि या फोनांतून बरीच माहिती बाहेर जात होती. शाओमीच्या फोनांतून तर मनुष्यानें कोणतें ॲप उघडलें, त्यांतील कोणता पडदा किती वेळ पाहिला, येथपर्यंत तपशील जात होता. फोनवरील संभाषण केव्हां सुरू झालें आणि किती वेळ चाललें, हेंहि त्यावरून कळत होतें. पहा, आपला जुना एक्स्चेंजवालाच परत आला.

टीव्हीची हकीगत याहून बोलकी आहे. अमेरिकेंत व्हिझिओ नांवाची टीव्ही करणारी कंपनी आहे. २०१४ पासून तिच्या १ कोटि १० लक्ष संचांवर लोक काय पाहतात हें सेकंदा-सेकंदानें टिपलें जात होतें. त्या माहितीला घरांतील माणसांचें वय, उत्पन्न, विवाहित कीं अविवाहित, असा तपशील जोडून ती विकण्यांत येई. तेथील सरकारी व्यापार आयोगानें फेब्रुवारी २०१७ मध्यें हें प्रकरण २२ लक्ष डॉलरांवर मिटविलें. पुढें २०२१ मधील एका तिमाहींत याच कंपनीला टीव्ही विकून जो ढोबळ नफा झाला, त्याच्या दुपटीहून अधिक जाहिराती आणि माहिती यांच्या खात्यांत झाला. संच स्वस्त कां मिळतो याचें उत्तर या हिशेबांत आहे. आमच्या चाटी गल्लींतील दुकानदारानें चादर स्वस्त द्यावी, आणि रोज रात्रीं घरीं येऊन कोण कोणत्या कुशीवर निजला हें लिहून न्यावें, तर सोलापूरकर त्याला काय म्हणतील हें येथें सांगण्याजोगें नाहीं.

कोणी म्हणेल, "मास्तर, आमच्या घरांत लपविण्यासारखें आहेच काय?" हा प्रश्न मला अनेकांनीं विचारला आहे. मुलीचें स्थळ पाहणें चालू आहे, वडिलांच्या लघवींतून रक्त गेलें आहे, धाकट्याची नोकरी सुटली आहे, घरावर कर्ज काढावयाचें आहे. यांत लाजिरवाणें कांहीं नाहीं. तरी या गोष्टी आपण चारचौघांत बोलत नाहीं. दार लोटून घेतों आणि मग बोलतों. माणूस कशाचा शोध घेतो यावरून त्याची चिंता कळते, आणि चिंता कळलेल्या माणसाला कांहींहि विकणें सोपें असतें. कर्जाची चौकशी केल्यापाठोपाठ कर्जाच्याच जाहिराती दिसूं लागल्याचा अनुभव कोणाला नाहीं?

असो. उपायाकडे वळूं. येथें दोन निरनिराळ्या गोष्टींची लोक गल्लत करतात. ती फोड मात्र नीट समजून घ्यावी. पहिली गोष्ट, पोस्टकार्डाच्या जागीं बंद पाकीट वापरणें. दुसरी गोष्ट, दारावर असा पहारेकरी ठेवणें कीं, ठराविक वाईट नांवांचा पत्ता विचारला गेला तर तो उत्तरच देणार नाहीं. पत्ता मिळाला नाहीं म्हणजे उपकरणाचा निरोप घरांतल्या घरांत राहतो. पाकिटामुळें वाटेवरच्यांचे डोळे बंद होतात. पहारेकऱ्यामुळें आपल्याच घरांतील चुगलखोराचें तोंड बंद होतें. केवळ पाकीट घेतलें तर टीव्हीची चुगली सुखरूप, मोहोरबंद होऊन पोंचेल.

पाकिटाची पद्धत २०१६ आणि २०१८ या सालीं प्रमाण म्हणून ठरली, आणि २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून ती फोनांतच बसविलेली आहे. 'सेटिंग्ज' उघडावें, 'नेटवर्क आणि इंटरनेट' मध्यें जावें. तेथें 'प्रायव्हेट डीएनएस' किंवा मराठी मांडणी असल्यास 'खाजगी डीएनएस' असें लिहिलेलें आढळेल. सॅमसंगच्या फोनांत तें 'कनेक्शन्स' च्या पोटांत 'मोअर कनेक्शन सेटिंग्ज' मध्यें असतें, शाओमीच्या फोनांत 'कनेक्शन अँड शेअरिंग' मध्यें. तेथें तीन पर्याय दिसतात: बंद, आपोआप, आणि पुरविणाऱ्याचें नांव. 'आपोआप' म्हणजे समोरच्याला जमलें तर पाकीट, न जमलें तर पोस्टकार्ड. तिसरा पर्याय निवडून आपल्या पसंतीच्या पहारेकऱ्याचें नांव लिहावें. उदाहरणार्थ ॲडगार्ड या संस्थेची विनामूल्य व्यवस्था आहे. तिचें नांव असें लिहावयाचें: डीएनएस, बिंदु, ॲडगार्ड, आडवी रेघ, डीएनएस, बिंदु, कॉम. सर्व लहान इंग्रजी अक्षरें, मध्यें कोठेंहि मोकळी जागा नाहीं, आणि 'गार्ड' मध्यें 'जी' नंतर 'यू' विसरूं नये. शुद्धलेखनाच्या मास्तरानें एवढें बजावणें क्षम्य समजावें. आयफोनांत अशी लिहिण्याची जागा नाहीं. २०२० पासून त्यांत पहारेकऱ्याचें ॲप किंवा त्यानें दिलेलें 'प्रोफाइल' बसवून हें काम होतें.

ज्यांना अधिक बारकाईनें निवड करावयाची आहे त्यांच्यासाठीं नेक्स्टडीएनएस म्हणून एक व्यवस्था आहे. तींत उपकरणांच्या अंगभूत हेरगिरीसाठीं स्वतंत्र यादी आहे: सॅमसंग, शाओमी, हुआवे, ॲपल, विंडोज, अलेक्सा, ज्याचें उपकरण घरांत असेल त्यावर खूण करावयाची. महिन्याला ३ लक्ष प्रश्नांपर्यंत ती फुकट आहे; त्यापुढें उत्तरें मिळत राहतात, पण पहारा उठतो. ३ लक्ष हा आंकडा ऐकून हंसूं नका. चार-पांच उपकरणांच्या घरांत तो दिसतो तितका मोठा नाहीं.

टीव्हीचें काय? पुष्कळ टीव्हींत पाकिटाची सोय नसते. पण नेटवर्कच्या सेटिंगांत डीएनएसचा अंक हातानें लिहितां येतो, किंवा घरच्या राउटरमध्यें एकदां लिहिला म्हणजे सर्व घराला लागू होतो. ॲडगार्डचे अंक ९४.१४०.१४.१४ आणि ९४.१४०.१५.१५ असे आहेत. यांत पाकीट नाहीं, पहारा तेवढा आहे. टीव्हीच्या बाबतींत मला पहाराच अधिक मोलाचा वाटतो. मात्र त्याआधीं टीव्हीच्याच सेटिंगांत जाऊन मुळावर घाव घालावा. सॅमसंगमध्यें 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस' आणि एलजीमध्यें 'लाइव्ह प्लस' हीं गोंडस नांवें ज्याला दिलेलीं आहेत, तो प्रकार म्हणजे पडद्यावरील चित्र ओळखून तें कळविणें. तें बंद करतां येतें. चोराला आंत घेऊन मग पहारेकरी ठेवण्यापेक्षां हें बरें.

आतां या उपायाच्या मर्यादा. औषधाचे गुण सांगून पथ्य न सांगणारा वैद्य मला कधींच आवडला नाहीं. पहारेकरी नांवावरून अडवितो. जें नांव मजकुराचें तेंच जाहिरातीचें असेल तर त्याला कांहीं करतां येत नाहीं. यूट्यूबच्या जाहिराती याच कारणानें निसटतात. कांहीं उपकरणें आपण लिहिलेला अंक न जुमानतां स्वतःच्या पोटांत कोरलेल्या अंकाकडेच विचारणा करतात. पाकीट वापरूनहि इंटरनेटची कंपनी अगदींच आंधळी होत नाहीं. पान उघडतेवेळीं त्याचें नांव बहुधा पुन्हां एकदां उघडें जातें, आणि कोणत्या अंकाशीं बोलणें चाललें आहे हें तर तिला दिसतेंच. मोबाइल कोणत्या मनोऱ्याजवळ आहे याच्याशीं तर डीएनएसचा संबंधच नाहीं. शिवाय कधीं कधीं पहारेकरी भल्या माणसालाहि अडवितो. एखादें ॲप उघडत नाहीं, हवामानाचा चौकोन रिकामा राहतो. स्टेशनावरील फुकट वाय-फाय घेतेवेळीं प्रवेशाचें पान उघडलें नाहीं तर तेवढ्यापुरता हा पर्याय 'आपोआप' वर ठेवावा.

सर्वांत मोठी मर्यादा विश्वासाची. पूर्वीं आपले प्रश्न इंटरनेटच्या कंपनीला कळत होते, आतां ते पहारेकऱ्याला कळतात. म्हणजे विश्वास नाहींसा झाला नाहीं, एका हातांतून दुसऱ्या हातांत गेला. माझ्या मतें तरीहि हा सौदा घेण्यासारखा आहे. पहिला हात आपण निवडला नव्हता, तो तारेबरोबर आला होता. दुसरा आपण निवडतों, त्याच्या अटी वाचतों, आणि नापसंत पडला तर अर्ध्या मिनिटांत बदलतों. ज्यांना कोणाच्याच हातीं वही द्यावयाची नसेल त्यांनीं घरांतील होतकरू मुलाला पाय-होल नांवाची व्यवस्था एका लहानशा संगणकावर मांडावयास सांगावें. मग पहारेकरी घरचाच होतो, बाहेर पत्ता विचारण्यापुरतेंच परक्याकडे जावें लागतें.

कायद्याची बाजू थोडक्यांत सांगतों. खासगीपणा हा आपला मूलभूत हक्क आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं एकमतानें दिला. त्याचाच आधार घेऊन मुंबई उच्च न्यायालयानें ऑक्टोबर २०१९ मध्यें, मुंबईच्या एका व्यावसायिकाचे फोन ऐकण्यासाठीं सरकारनें काढलेले तीन हुकूम रद्द ठरविले आणि ध्वनिमुद्रणें नष्ट करण्यास सांगितलें. येथें एक विलक्षण विसंगति आहे. सरकारला आपला फोन ऐकावयाचा असेल तर गृहसचिवाचा लेखी हुकूम लागतो, कारण दाखवावें लागतें, त्यावर समिति बसते, आणि तरी न्यायालय तो फिरवूं शकतें. टीव्हीला आपलें घर पाहावयाचें असेल तर पहिल्या दिवशीं रिमोटवरील एका बटणाची संमति पुरते. आणि तें बटण बहुधा संच बसवावयास आलेल्या पोऱ्यानेंच दाबलेलें असतें. २०२३ सालीं व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें निघाले, आणि मुख्य बंधनांसाठीं कंपन्यांना अठरा महिन्यांची मुदत मिळाली. संमति स्पष्ट भाषेंत मागावी आणि ती परत घेणें देण्याइतकेंच सोपें असावें, असें त्यांत आहे. ती भाषा मराठीहि असूं शकेल, कारण राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांतील भाषांचा पर्याय देणें कायद्यांतच घातलें आहे. टीव्ही घेतांना आपण तो पर्याय मागून पाहावा.

शेवटीं एक गोष्ट, जी मला आमच्या आठ दिवसांच्या नोंदींतून कळली आणि जी या विषयावर बोलणारे सहसा सांगत नाहींत. त्या वहींत टीव्हीचे प्रश्न दिसतात, तसेच घरांतील माणसांचेहि दिसतात. सुनेनें कोणत्या डॉक्टरांचें पान पाहिलें, नातू परीक्षेच्या आदल्या रात्रीं काय करीत होता, हें कुटुंबप्रमुखाला बसल्या जागीं वाचतां येतें. कंपनीची नजर घालवितां घालवितां आजोबांची नजर बसते, आणि आजोबांच्या नजरेवर कोणतेंहि न्यायालय नाहीं. आमचा आठवडा संपला त्या रात्रीं जेवणानंतर सर्वांसमक्ष मीं ती नोंद पुसली आणि बंद केली. पहारा मात्र चालू ठेवला. नोंदीशिवाय पहारा चालतो. नेक्स्टडीएनएसमध्यें 'सेटिंग्ज' च्या पानावर 'लॉग्ज' या शब्दापुढें तो खटका आहे, आणि जुनी नोंद पुसण्याची सोयहि तेथेंच आहे.